वादातून हरवलेला देव

17 ऑक्टोबर 1949 रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे उद्देशिकेचा मसुदा होता. हरि विष्णु कामथ यांनी दुरुस्ती मांडली की ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी ‘ईश्वराच्या नावाने’ असे शब्द घालावेत. आसामचे रोहिणीकुमार चौधुरी उठले. आपण कामरूपाकडचे, शक्तीचे उपासक, तेव्हा नाव घ्यायचेच असेल तर देवीचे घ्यावे, असे त्यांचे म्हणणे पडले. पट्टम थाणू पिल्लै यांना त्या दुरुस्तीत श्रद्धेची सक्ती दिसली. जी उद्देशिका विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य देते, तिच्यातच सर्वांच्या वतीने एक श्रद्धा लिहून टाकणे विसंगत आहे, असा हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप होता. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामथांना विनवले की ईश्वराला मतदानाला लावू नका. कामथ हटले नाहीत. मतदान झाले, दुरुस्तीच्या बाजूने 41 आणि विरुद्ध 68 मते पडली, आणि आपल्या संविधानाची सुरुवात माणसांच्या नावाने झाली.

या प्रसंगाकडे मी वारंवार वळतो, ते त्याच्या निकालासाठी नव्हे. त्या दिवशी त्या सभागृहात खरोखरच ईश्वराबद्दल बोलणे चालले होते. त्याचे नाव राष्ट्राच्या वतीने घ्यावे का, घेतले तर कोणते घ्यावे, न मानणाऱ्याचे काय करायचे, आणि मुळात हा हात वर करून ठरवण्याचा प्रश्न आहे का, हे त्या सदस्यांनी एकमेकांना विचारले. विरोधात मत देणाऱ्या 68 जणांत सकाळी देवपूजा करून, नमाज पढून आलेली माणसे असणार, याविषयी मला शंका नाही. कामथ हरले, पण त्यांचे आणि त्यांच्या विरोधकांचे म्हणणे आजही वाचायला मिळते आणि दोन्ही बाजू वाचताना माणूस स्वतःशी विचार करू लागतो.

मी देव मानत नाही आणि तसे उघडपणे सांगत आलो आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, आजच्या सार्वजनिक वादांबद्दल माझी मुख्य तक्रार अशी आहे की त्यांतून देव हरवला आहे. वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चेत धर्म असतो, दुखावलेल्या भावना असतात, मिरवणुकीचा मार्ग असतो, भोंग्याचा आवाज असतो, कोणत्या वास्तूखाली पूर्वी काय होते हेही असते. फक्त देव आहे का, असेल तर कसा आहे, जगातल्या दुःखाशी आणि माणसाच्या चांगुलपणाशी त्याचा काय संबंध, हे कोणी विचारत नाही. आस्तिक आणि नास्तिक यांच्यातला जुना वाद मिटलेला नाही. तो बाजूला सारून त्याच्या जागी ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ यांचा वाद आणून बसवला आहे. त्यात नास्तिकाची जागा गेली, हे उघड आहे. मनापासून श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाचीही जागा गेली, हे मात्र अजून पुरेसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आपल्याकडे हा वाद अनोळखी कधीच नव्हता. दर्शनांच्या परिभाषेत आस्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य मानणारा आणि नास्तिक म्हणजे ते न मानणारा; ईश्वर असण्या-नसण्याशी या वर्गवारीचा थेट संबंध नव्हता. त्यामुळे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती आणि पुरुष आहेत, जग घडवणारा ईश्वर नाही, आणि तरीही सांख्य हे आस्तिक दर्शन गणले गेले. मीमांसकांचे तर याहून नवल वाटावे असे आहे. यज्ञयागाचा कडवा पुरस्कार करणारी ही परंपरा, पण तिच्यातल्या कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानायला साफ नकार दिला. विधिपूर्वक केलेल्या कर्मातून ‘अपूर्व’ नावाची शक्ती निर्माण होते आणि तीच पुढे फळ देते, मध्ये कोणा दात्याची गरज नाही, अशी मीमांसकांची मांडणी आहे. उलट बाजूला दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली हा ग्रंथच ईश्वर सिद्ध करण्यासाठी लिहिला आणि त्यात विरोधकांचे आक्षेप टाळले नाहीत, ते समोर घेऊन खोडले. त्यांच्याविषयी आख्यायिका सांगतात की ते पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तेव्हा देवळाचे दार बंद होते. तेव्हा ते देवाला म्हणाले, आज ऐश्वर्याच्या मदात तू माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध समोर उभे ठाकतील तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हाती आहे. आख्यायिका घडलेली असो वा रचलेली, ती ज्यांनी सांगितली आणि ऐकली त्यांना देवाबद्दलच्या वादाची भीती वाटत नव्हती, एवढे तिच्यावरून नक्की कळते. चार्वाकाचे ग्रंथ आपल्या हाती आले नाहीत, तरी चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांना सर्वदर्शनसंग्रहाची सुरुवात त्याच्याच दर्शनापासून करावीशी वाटली. खोडायचे असले तरी आधी मांडावे लागते, ही शिस्त तिथे होती.

आणि श्रद्धावानाचा देवाशी असलेला वाद? तो तर आमच्या घरातच होता. माझी आई माळकरी आहे. तिच्या गाथेची कड इतकी झिजली आहे की कापडी चिकटपट्टीने ती दोनदा बांधावी लागली. त्याच गाथेत तुकोबांचा ‘माझे लेखी देव मेला’ हा अभंग आहे. मी शाळेत असताना आईला विचारले होते की देवाचे एवढे मोठे भक्त असे कसे म्हणू शकतात? ती म्हणाली, ज्याच्याशी बोलणं आहे त्याच्याशीच भांडण होतं. नवसाने पोरे होत असतील तर नवरा कशाला करायचा, हा सवालही तुकोबांचाच आहे आणि तो कीर्तनात ऐकून हसणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी तितक्याच भावाने तुळशीला पाणी घालत. आज एखाद्या नवख्या कवीने ‘माझे लेखी देव मेला’ अशी ओळ नाव न सांगता समाजमाध्यमावर टाकली, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी कोण येऊन उभे राहील, याचा विचार मनात आला की मला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट होते. नास्तिकाआधी भांडखोर भक्ताचीच गळचेपी झाली आहे.

महाराष्ट्रात आधुनिक काळात हा वाद सोपा होता असे मी म्हणणार नाही. ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ असे म्हणून 1888 मध्ये सुधारक हे पत्र काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी देवतांची कल्पना माणसाच्या मनात कशी उगवली आणि वाढली, हे पुण्यात बसून लिहिले, आणि त्याच पुण्यात त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. पण त्यांना उत्तरेही मिळत होती, लेखाला लेखाने. पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रे शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी हिंदुधर्माची समीक्षा लिहिली. तर्कतीर्थ ही पदवी आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचा बुद्धिवाद हे दोन्ही एकाच माणसाच्या ठायी नांदू शकले. सावरकरांचे राजकारण ज्यांना मान्य आहे त्यांनाही त्यांचे गाईविषयीचे आणि पोथीनिष्ठेविषयीचे लेखन टाळता येत नाही, आणि ज्यांना ते राजकारण अमान्य आहे त्यांनाही ते लेखन आपल्याच सोयीचे आहे असे म्हणता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे समाजस्वास्थ्य मासिक चालवता चालवता देव नाकारत होते. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांसह असा धर्म स्वीकारला ज्याला निर्मात्या ईश्वराची गरज नाही. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध नोंदवले गेले, त्यांतले सुमारे 65 लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे ‘धर्म म्हणजे देव आणि देव नाही म्हणजे धर्म नाही’ हे समीकरण ज्या प्रांतात सर्वात आधी मोडायला हवे होते तो आपला प्रांत आहे, आणि तरीही आपल्या चर्चा त्याच समीकरणावर चालतात.

1990 च्या दशकात डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी विवेकजागराचा वाद-संवाद या नावाने महाराष्ट्रभर कार्यक्रम केले. त्यांत लागू सरळ सांगत की देवाची कल्पना हीच मोठी अंधश्रद्धा आहे आणि आता देवाला निवृत्त करावे. दाभोलकर त्याच व्यासपीठावरून वेगळी भूमिका मांडत: अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या बाबतीत तटस्थ आहे, शोषण करणाऱ्या, फसवणाऱ्या, दिशाभूल करणाऱ्या गोष्टींना तिचा विरोध आहे. दोघे मित्र होते, दोघांना एकमेकांचे म्हणणे पूर्ण ठाऊक होते, आणि तरी तो वाद लोकांसमोर मांडणे त्यांना आवश्यक वाटले. मला हा अलीकडच्या मराठी सार्वजनिक जीवनातला सर्वात सुंदर प्रयोग वाटतो. ऐकणाऱ्याला एकाच संध्याकाळी दोन गोष्टी कळत: देव नाही असे शांतपणे म्हणणारा माणूस राक्षस नसतो, आणि देवाचा प्रश्न बाजूला ठेवूनही बुवाबाजीविरुद्ध उभे राहता येते.

या दोन भूमिकांतला फरक मला पहिल्यांदा उमगला तो 21 सप्टेंबर 1995 रोजी. त्या दिवशी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली. आमच्या शेजारच्या काकूंकडे पितळेचा वीतभर गणपती होता, आणि दुपारपर्यंत त्यांच्या ओटीवर चपलांचा ढीग पडला होता. चमचा काठोकाठ भरून सोंडेच्या टोकाला किंचित तिरका लावला की दुधाचा फुगीर पृष्ठभाग मूर्तीला चिकटे आणि चमचा हळूहळू रिकामा होई. माझ्या डोळ्यांसमोर तो रिकामा झाला. मी खोटे सांगणार नाही, अंगावर काटा आला. मग गल्लीतले विज्ञानाचे एक शिक्षक आले. त्यांनी कोणाला काही उपदेश केला नाही, काकूंकडे चिमूटभर कुंकू मागितले आणि ते दुधात कालवले. पुढचा चमचा लावला तसा सोंडेवरून, पोटावरून, मोदकाच्या हातावरून एक बारीक गुलाबी रेघ खाली उतरली आणि ताम्हणात जमली. दुधाचा पृष्ठताण आणि मूर्तीच्या अंगावरचा पातळ ओघळ एवढेच ते होते. सरकारच्या विज्ञान विभागाच्या पथकानेही रंगीत दूध वापरून हेच दाखवले. काकूंनी ताम्हणातले दूध पाहिले, मूर्ती ओल्या फडक्याने पुसली आणि बाहेरच्यांना सांगितले की आता पुरे, घरी जा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून नेहमीच्या वेळी आरती ऐकू आली.

काकूंनी त्या दिवशी जे केले ते मला आजही थोर वाटते. दुधाविषयीचा दावा तपासता येण्यासारखा होता, तो तपासला, खोटा ठरला, त्यांनी तो सोडला. गणपतीवरची त्यांची भक्ती त्या दाव्यावर उभी नव्हती, म्हणून ती पडली नाही. कुंकू मागणाऱ्या शिक्षकांनी माझ्या भावना दुखावल्या, असे म्हणायचे त्यांच्या मनातही आले नाही.

याच्या साडेसोळा वर्षांनंतर, मार्च 2012 मध्ये, मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला येथील चर्चमध्ये क्रूसाच्या पायाशी पाणी ठिबकू लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इडामारुकू यांनी पाहणी करून सांगितले की तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढले जाऊन, भिंतीतून चढते आहे. बोलण्यात त्यांनी चर्चवरही टीका केली. त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावण्याविषयीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 295-अ खाली तक्रारी झाल्या आणि त्यांना त्याच वर्षी फिनलंडला जावे लागले. भौतिकशास्त्र दोन्ही वेळा जवळपास एकच होते. मधल्या काळात बदलला तो आपल्या समाजाचा प्रश्न ऐकण्याचा कान. आणि हा बदल एका धर्मापुरता नाही, हे इर्ल्याच्या प्रकरणातून दिसते.

1927 मध्ये दंड संहितेत आलेले आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 म्हणून राहिलेले हे कलम नीट वाचले तर त्यात जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाची अट आहे. प्रत्यक्षात ही अट न्यायालयात पोहोचेपर्यंत कोणाला आठवत नाही. तक्रार नोंदवली जाते, माणूस पोलीस ठाण्यात बसून राहतो, नोकरी देणारा घाबरतो, घरमालक जागा सोडायला सांगतो, आणि खटला पुढे टिकला नाही तरी शिक्षा भोगून झालेली असते. शिवाय ‘भावना दुखावल्या’ या वाक्यापुढे उत्तरच उरत नाही. युक्तिवादाला युक्तिवादाने अडवता येते, पुराव्याला पुराव्याने. दुखावलेल्या भावनेपुढे फक्त माफी मागता येते. अशा वातावरणात श्रद्धावानालाही स्वतःच्या श्रद्धेसाठी कारण देण्याची सवय राहत नाही. त्याच्या बाजूने ओरडणारे इतके जण असतात की त्याला बोलावेच लागत नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याच्या निमित्ताने आपण हे सगळे पाहिले आहे. हा कायदा व्हावा म्हणून दाभोलकर सुमारे 18 वर्षे झटत होते. मसुद्यात काटछाट झाली, तरी हा कायदा आला की वारी बंद होईल, सत्यनारायण घालता येणार नाही, अशी भीती पसरवली गेली आणि काही वारकरी संघटनांनीही विरोध केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. आज तो उघडून वाचावा: नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या बतावणीने लुबाडणूक असे गुन्हे त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे त्यातच स्वच्छ लिहिले आहे. वारी चालूच आहे. 2015 मध्ये कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि धारवाडला कन्नड अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोघेही गेले. पुण्याच्या विशेष न्यायालयाने मे 2024 मध्ये दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तीन आरोपींची निर्दोष मुक्तता केली. पावणेअकरा वर्षे लागली.

या हत्यांचा एक परिणाम असा झाला की लागूंची जागा रिकामी पडली. लागू 2019 मध्ये गेले, पण त्याच्या आधीच ती भूमिका व्यासपीठावरून नाहीशी होऊ लागली होती. आज चळवळीतल्या कार्यकर्त्याला कोणत्याही कार्यक्रमात पहिले वाक्य बोलावे लागते ते ‘आम्ही देवाधर्माच्या विरोधात नाही’ हे. संघटनेची भूमिका म्हणून ते प्रामाणिक आहे आणि गावात काम करणाऱ्याला त्याची गरज आहे, हे मी जाणतो. भगताने चटके दिलेल्या मुलीला सोडवायला गेलेल्या माणसाने आधी ईश्वराच्या अस्तित्वावर व्याख्यान द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. पण ते वाक्य जेव्हा जीव वाचवण्यासाठी म्हणावे लागते, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. मग देव न मानणे हा जणू आरोप आहे आणि तो नाकारणे हा बचाव, असे होऊन बसते.

यावर मला माझे काही समंजस मित्र विचारतात की देव आहे की नाही या प्रश्नाची सार्वजनिक जीवनात गरजच काय? नुकसान करणाऱ्या प्रथा रोखा, बाकी ज्याची त्याची श्रद्धा. कायद्यापुरते हे मला मान्य आहे. कायद्याने याच रेषेवर थांबावे. समाजाच्या विचाराला मात्र तिथे थांबता येत नाही. देवाबद्दल विचारण्याची बंदी झाली की देवाच्या वतीने बोलणाऱ्यांनाही कोणी काही विचारू शकत नाही. बाईने अमुक गाभाऱ्यात जाऊ नये, अमुक जातीतल्या माणसाशी लग्न करू नये, हे देवाला हवे आहे असे कोणी सांगितले, तर पहिला साधा प्रश्न असतो की तुला हे कसे कळले. हा प्रश्न नास्तिक विचारतो तसा तुकोबाही विचारतात, आणि दोघांनाही तो विचारायला मोकळी जागा लागते.

दोष आम्हा न मानणाऱ्यांचाही आहे आणि तो मला लपवायचा नाही. दर वर्षी आषाढी जवळ आली की काही नास्तिक मंडळी वारीची टिंगल करणारी चित्रे फिरवतात: इतकी पायपीट केली त्यापेक्षा शेतात राबले असते तर, इत्यादी. ही चित्रे आमच्या कुटुंबाच्या गटातही येतात आणि माझी आई ती पाहते. ती काही बोलत नाही, फोन उलटा ठेवते. ज्या माणसाने आयुष्यभर एकादशी केली, दारी आलेल्या कोणाला उपाशी पाठवले नाही, त्याला मूर्ख ठरवून आपण नेमका कोणता विचार पुढे नेला, याचे उत्तर त्या मंडळींनी द्यावे. गाडगेबाबाही लोकांना हसवत. देव किती, तर एक. मग तुमच्या गावचा खंडोबा कोण, असे विचारत हसवत. पण ते त्याच लोकांचे रस्ते झाडून मग कीर्तनाला उभे राहत आणि पंढरपुरात त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधत. हसण्याचा अधिकार त्यांनी खराट्याने मिळवला होता.

वडील गेले तेव्हा मला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. दहाव्याला आम्ही वाईच्या घाटावर होतो. विधी करायला मी तयार झालो होतो, कारण न करण्याने आईला जे झाले असते ते मला सोसणारे नव्हते. पिंड मांडले आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. पलीकडच्या वडावर कावळे होते, खाली एकही उतरेना. अर्धा तास गेला. काका पुढे होऊन हात जोडून म्हणाले, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही. मग आत्या काही बोलली. मग धाकटा भाऊ कर्जाबद्दल बोलला. उन्हात आईचा चेहरा उतरत चालला होता, आणि ती आठवत होती की त्यांची कोणती इच्छा राहिली असेल, आपल्याकडून काय कमी पडले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

त्या अर्ध्या तासाबद्दल माझी दोन मते आहेत आणि मी एकही सोडायला तयार नाही. काकांनी भर घाटावर दिलेला शब्द त्यांनी पुढे पाळला. कावळ्याची वाट पाहणे नसते तर तो शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नसता. त्याच वेळी, चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला एका पक्ष्याच्या लहरीवरून स्वतःला अपराधी मानावे लागले, हे क्रूर होते आणि खोटे होते. पहिल्या गोष्टीसाठी दुसरी मान्य करा, असे आस्तिक मला सांगतात. दुसरीसाठी पहिली विसर, असे नास्तिक सांगतात. आई मात्र असे काही सांगत नाही.

तसे पाहिले तर माझ्यासारख्यांची कागदावरची जागा आहे. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने दिलेला पहिला हक्क सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा आहे, धर्माचा उल्लेख त्यानंतर येतो. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले की आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार नागरिकाला आहे आणि शासन त्याला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. पद ग्रहण करणाऱ्याला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते, तसेच गांभीर्यपूर्वक दृढकथनही करता येते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 28.7 लाख लोकांचा धर्म नमूद झालेला नाही. पण मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मी धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला आणि आवाज खाली करून विचारले, ‘घरात काही झालंय का?’ त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. न्यायालयाने दिलेला अधिकार आणि ती काळजी यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कोणता निकाल भरून काढणार?

ते बोलण्यानेच भरते, आणि बोलणे जिथे अजून बंद पडलेले नाही अशी एक जागा मला माहीत आहे. गेल्या कार्तिकात आई आजारी होती. बरी झाल्यावर एका संध्याकाळी हरिपाठ आटोपून ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘माझं सगळं तूच करशील, ते मला ठाऊक आहे. पण तू मानत नाहीस. मग तू केलेलं पोचेल का?’

इतक्या वर्षांत देवाबद्दल इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला मीमांसकांचे सांगितले: कर्म विधिपूर्वक केले की त्यातून अपूर्व निर्माण होते आणि तेच फळ देते, मध्ये देवही लागत नाही, असे मोठमोठ्या शास्त्र्यांनी लिहून ठेवले आहे. तिने ते सगळे ऐकून घेतले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘ते शास्त्र राहू दे. तुला काय वाटतं ते सांग.’

मी सांगितले. त्यावर तिने तिचे सांगितले, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही बोलत होतो.